गोळीनंतर उरते ते गाणे
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मंचर सोडून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे निघालात, की वाटेत डिंभे लागते. घोड नदीवर तिथे धरण आहे. पावसाळा सरता सरता त्याचे पाणी डोंगरांच्या कुशीत लांबवर पसरलेले दिसते. प्रवासी गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. या जलाशयाचे नाव आहे 'हुतात्मा बाबू गेनू सागर'. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याचे नाव राहिले, गाव गेले. पाण्याला नाव मिळाले ते मात्र याच तालुक्यातल्या एका गिरणी कामगाराचे.

बाबू गेनू कोण, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झाले ते,' असे उत्तर चटकन मिळते. पण आपल्यापैकी कितीजणांनी हे प्रथम पुस्तकात वाचले? पुष्कळांनी ते आधी ऐकलेले असते. कुणी गणेशोत्सवात, कुणी गावच्या जत्रेत, कुणी शाळेच्या संमेलनात डफाच्या साथीवर. आज आपण त्या ऐकण्याविषयी बोलणार आहोत. राज्यसत्तेने साध्यासुध्या माणसांवर बळ चालवले, की लोक गाणे का रचतात? ते गाणे नेमके काय काम करते? आणि ज्यांच्या हाती बंदूक आहे, त्यांना डफाची भीती का वाटते?

म्हाळुंगे पडवळचे बाबू

बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ चा, आंबेगाव तालुक्यातील म्हाळुंगे पडवळचा. घरची गरिबी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातली माणसे पोटासाठी मुंबईला जात. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी डोक्यावर डबे घेऊन. बाबू गिरणीत लागले आणि तिथून स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढले गेले.

१९३० साल म्हणजे सविनय कायदेभंगाचे साल. महाराष्ट्रात त्या वर्षी ठिकठिकाणी रक्त सांडले. मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला आणि पाठोपाठ लष्करी कायदा आला. २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. मुंबईत परदेशी कापडावर बहिष्कार होता आणि व्यापारी पोलीस बंदोबस्तात माल हलवत होते. १२ डिसेंबर १९३० रोजी, शुक्रवारी, काळबादेवी भागात असाच एक कापडाने भरलेला ट्रक निघाला. स्वयंसेवक आडवे आले. बाबू गेनू रस्त्यावर झोपले. ट्रक त्यांच्या अंगावरून गेला. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते.

यापुढे दोन हकिकती सुरू होतात. सरकारच्या म्हणण्याप्रमाणे तो अपघात होता. लोकांच्या म्हणण्याप्रमाणे हिंदी चालकाने माणसावर गाडी घालायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने स्वतः चाक हाती घेतले. सरकारजवळ कचेरी होती, शिक्का होता, छापखाना होता. लोकांजवळ काय होते? लोकांजवळ आवाज होता. त्या वर्षी मुंबईच्या गल्ल्यांतून पहाटे प्रभातफेऱ्या निघत आणि गाणी गात. काल घडलेली गोष्ट उद्या पहाटे गाण्यात येत असे. बाबू गेनूंवर गाणी झाली, पोवाडे झाले आणि 'अपघात' हा शब्द त्या गाण्यांपुढे टिकला नाही. आज काळबादेवीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुण्यात मंडईजवळ त्यांच्या नावाचा चौक आहे. सरकारी खुलासा मात्र अभ्यासकाशिवाय कुणाला आठवत नाही.

इथे गाण्याचे पहिले काम दिसते. घटनेला नाव काय द्यायचे, हे ते ठरवते. अपघात म्हणायचे की खून? दंगल म्हणायचे की सत्याग्रह? भांडण बहुधा या एका शब्दावरच असते.

दरोडेखोर की बंडकरी?

हे भांडण या मुलखात बाबू गेनूंच्याही आधीचे आहे. शिवनेरीवर 'कोळी चौथरा' दाखवतात. सतराव्या शतकात महादेव कोळ्यांनी मोगल अमलाविरुद्ध उठाव केला आणि तो मोडल्यावर पकडलेल्यांची तिथे कत्तल झाली, अशी परंपरा आहे. इंग्रजांनी छापलेल्या गॅझेटियरमध्येही ती नोंदली आहे. राज्यकर्त्यांनी तो चौथरा दहशत बसावी म्हणून उभारला, असे सांगतात. आज तो नेमका उलटे काम करतो. लोक तिथे जातात ते मेलेल्यांना आठवायला.

पुढे इंग्रजी अमलात, १८७० च्या दशकात, आंबेगावच्या पश्चिमेकडील जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला. त्याच सुमारास, मे १८७५ मध्ये, भीमथडीतल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले आणि दख्खनचे दंगे सुरू झाले. होन्याला पकडण्यासाठी सरकारने बक्षीस लावले, डोंगर पालथे घातले आणि १८७६ मध्ये त्याला धरले. सरकारी कागदात तो दरोडेखोर आहे. त्याच डोंगरातल्या वाड्यांवर तो बंडकरी आहे. एकाच माणसाची ही दोन नावे. पहिले नाव दप्तराने जपले. दुसरे जपले ते चुलीपुढच्या गोष्टींनी आणि गाण्यांनी, कारण ज्यांना ते जपायचे होते त्यांच्यापाशी दप्तर नव्हते.

पोवाडा कसा साठवतो

आता प्रश्न असा, की गाणेच का? लोकांनी नुसती हकिकत का सांगितली नाही?

याचे उत्तर पोवाड्याच्या बांधणीत आहे. पोवाडा म्हणजे केवळ स्तुती नव्हे. जुन्या काळी तो एक प्रकारे वर्तमानपत्रच होता. आधी नमन. मग स्थळ, काळ, माणसे. त्यानंतर चौकामागून चौक असा प्रसंग पुढे सरकतो. मध्ये शाहीर गाणे थांबवून गद्यात बोलतो, श्रोत्यांना समजावतो, पुन्हा डफावर थाप मारतो. मागचे झीलकरी सूर धरतात, त्यामुळे शाहिराला दम घ्यायला वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्याला ओळ मनात मुरवायला. शेवटी शाहीर स्वतःचे नाव घालतो.

या प्रत्येक गोष्टीला अर्थ आहे. चालीत आणि यमकात बसवलेले नाव सहजासहजी निसटत नाही. एक शब्द बदलला, तर चाल अडखळते आणि ऐकणारा म्हणतो, 'अहो, असे नव्हते ते.' लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाजवळ हा एक राखीव साठाच असतो. आणि शेवटी शाहिराचे नाव येते, म्हणजे ही उडती वार्ता राहत नाही. 'हे मी सांगितले, जाब विचारायचा असेल तर मला विचारा,' असे त्यात असते. गोळीबाराच्या दुसऱ्या दिवशी असे उघड नाव लावायला धैर्य लागते. ते शाहिरांनी दाखवले.

दुसरी गोष्ट रडण्याची. माणूस मेला की घरातले रडतात. पण सत्तेच्या हातून माणूस मेला, तर शेजारी घाबरतो. दार लावून घेतो. आपलेही नाव यादीत जाईल, असे त्याला वाटते. गाणे ही भीती फोडते, कारण ते एकट्याने गायचे नसते. शंभर माणसे एकत्र सूर धरतात, तेव्हा दुःख उघड्यावर येते आणि ते एका घराचे राहत नाही. म्हाळुंग्याच्या एका घराचा मुलगा साऱ्या मुंबईचा झाला, तो असा.

गिरणगावातून गावाकडे

मुंबईतले गाणे गावी कसे पोहोचे? इथे जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावाची आठवण येते. तमाशाची पंढरी म्हणून हे गाव ओळखले जाते. चैत्रातल्या जत्रांचा हंगाम जवळ आला, की इथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, सुपारी देतात, तारखा ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे राज्य शासनाने तमाशा कलावंतांसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

तमाशात गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, की वग येतो. वगात राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो. सोंगाड्या त्या कोतवालाची टोपी उडवतो आणि मैदान हसते. त्या कोतवालात गावकऱ्याला आपल्या ओळखीचा फौजदार दिसतो. सत्तेला नाव न घेता बोल लावायची ही जुनी शाळा आहे. जत्रेला मुंबईचे चाकरमानी गावी येत. त्यांच्या तोंडी गिरणीतल्या संपाच्या, मोर्च्याच्या, गोळीबाराच्या गोष्टी असत. तमाशाचा फड गिरणगावातही जाई आणि जुन्नर-आंबेगावच्या जत्रांतही. गाण्याला दोन्हीकडची वाट मोकळी होती.

याच तमाशाच्या सांगाड्यातून अण्णा भाऊ साठे यांनी लोकनाट्य उभे केले. शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४० च्या दशकात लाल बावटा कलापथक बांधले. गणात गणपतीऐवजी कष्टकऱ्याला वंदन आले. वगातल्या राजाच्या जागी मालक आणि मंत्री आले. प्रेक्षकाला नवे काही शिकावे लागले नाही, कारण घाट त्याच्या ओळखीचा होता.

आपलेच सरकार, आपलीच गोळी

१९४६ मध्ये अमळनेरला प्रताप मिलच्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. श्रीपत पाटील यांच्यासह अनेक कामगार मारले गेले. अण्णा भाऊंनी त्यावर 'अमळनेरचे अमर हुतात्मे' रचले. त्या वेळी इंग्रज अजून गेले नव्हते, पण मुंबई प्रांतात मंत्रिमंडळ लोकांनी निवडून दिलेले होते. शाहिरापुढे अवघड प्रश्न उभा राहिला. परक्याच्या गोळीविरुद्ध गाणे सोपे असते. आपण निवडलेल्यांनी गोळी झाडली, तर काय गायचे?

हा प्रश्न दहा वर्षांनी साऱ्या महाराष्ट्रापुढे आला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ मोर्च्यावर गोळीबार झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुढचे काही दिवस शहर पेटले. पुन्हा गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्राचे १०६ हुतात्मे म्हणून आपण ज्यांना वंदन करतो, त्यांतले बहुतेक या दिवसांतले. त्यांत गिरणी कामगार होते, हमाल होते, रस्त्याने जाणारी पोरेही होती. अमर शेखांचा खडा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानाच्या कडेपर्यंत पोहोचे, असे ऐकणारे सांगत. अण्णा भाऊंनी 'माझी मैना' ही छक्कड लिहिली ती याच काळात. मुंबईला आलेल्या चाकरमान्याची गावी राहिलेली बायको, हा लावणीचा जुनाच विषय. पण त्या विरहात त्यांनी महाराष्ट्रापासून तोडलेल्या भागांचे दुःख मिसळले. जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या गिरणी कामगाराला ते राजकारण वाटले नाही. त्याला ते आपल्याच घरचे वाटले. चांगले चळवळीचे गाणे असे आत शिरते.

आणखी एक गाणारा माणूस इथे आठवायला हवा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जण ठार झाले. मुलुंडला राहणारे लोकशाहीर विलास घोगरे हा प्रकार सहन करू शकले नाहीत. काही दिवसांतच त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. ज्याने आयुष्यभर इतरांचे दुःख गायले, त्याच्या गळ्यातून हे दुःख निघाले नाही. गाण्याने प्रत्येक जखम भरतेच असे नाही, हे त्यांच्या मरणाने दाखवले. पुढे चौकशी आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला आणि २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित पोलीस अधिकाऱ्याला दोषी धरले. त्याला बारा वर्षे लागली. तेवढी वर्षे वस्तीतल्या जयंत्या-पुण्यतिथ्यांना गाणी होत राहिली, म्हणून प्रकरण विझले नाही.

बंदी कशावर घालायची?

सत्तेला गाण्याची धास्ती असते, हे कायद्यांवरून कळते. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा कायदा केला. १९३० मध्ये छापखान्यांवर वटहुकूम आला. गाण्यांच्या आणि पोवाड्यांच्या लहान लहान पुस्तिका जप्त झाल्या. गंमत अशी, की जप्तीमुळेच त्यांतल्या पुष्कळ वाचल्या. पोलिसांनी त्या नोंद करून ठेवल्या आणि आज अभ्यासक त्या दिल्लीच्या आणि लंडनच्या संग्रहांत वाचतात.

स्वातंत्र्यानंतरही मुंबई सरकारने काही काळ तमाशावर बंदी घातली. पुढे संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. १८७६ चा कायदा रद्द व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द केला आणि शब्द आवडले नाहीत म्हणून पोलिसांनी धावू नये, या अर्थाचा निर्वाळा दिला. दीडशे वर्षांनंतरही प्रश्न तोच राहिला आहे.

कारण पुस्तक जप्त करता येते, प्रयोग थांबवता येतो. पण तोंडपाठ झालेले गाणे जप्त कसे करणार? ज्याने गायले त्याला पकडले, तर ज्याने ऐकले तो गाऊ लागतो.

गाणे चुकत नाही का?

चुकते. हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शाहीर न्यायाधीश नसतो. तो प्रसंग रंगवतो, शूराला अधिक शूर करतो आणि दुष्टाला एका रंगात रंगवतो. मेलेल्यांपैकी एकाचे नाव गाण्यात बसते आणि बाकीचे मागे राहतात. आपल्याला बाबू गेनू आठवतात. चिरनेरच्या किती जणांची नावे आठवतात? शिवाय पुढच्या पिढ्या गाण्यातला राग काढून टाकतात आणि नुसते वंदन ठेवतात. हुतात्म्याचे नाव धरणाला दिले, की आपले कर्तव्य संपले असे वाटते. त्या धरणाखाली ज्यांची घरे-शेते गेली, त्यांचे गाणे कुणी ऐकायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

म्हणून गाणे पुराव्याच्या जागी ठेवू नये. ते चौकशी मागणारा अर्ज आहे, असे समजावे. उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या आणि तेरा जण जागीच गेले. पहिल्या चौकशीने सैनिकांना जवळजवळ निर्दोष ठरवले. गाणी मात्र त्याच वर्षापासून उलटे सांगत होती. त्यांतल्या पॉल मॅकार्टनीच्या गाण्यावर बीबीसीने बंदी घातली. शेवटी जून २०१० मध्ये दुसऱ्या चौकशीचा अहवाल आला. मारले गेलेले निरपराध होते हे मान्य झाले आणि पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. अडतीस वर्षे तो अर्ज गाण्यांनी जिवंत ठेवला होता.

आज आपल्या खिशात कॅमेरा आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात, मावळात, पवना जलवाहिनीविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तिघांचा जीव गेला. ती दृश्ये साऱ्या महाराष्ट्राने त्याच दिवशी दूरचित्रवाणीवर पाहिली. मग आता गाण्याची गरज काय?

गरज आहे. चित्र दाखवते आणि पुढच्या चित्रासाठी जागा मोकळी करते. गाणे परत परत म्हणावे लागते, स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते. पाहिलेले विसरता येते. स्वतः गायलेले विसरणे अवघड असते, कारण ते म्हणताना आपण त्या बाजूला उभे राहिलेले असतो.

पुन्हा कधी भीमाशंकरच्या वाटेवर डिंभ्याला थांबलात, तर पाण्याकडे पाहताना ते नाव एकदा मोठ्याने उच्चारा. आणि सोबत मूल असेल, तर त्याला ट्रकची गोष्ट सांगा. त्यातला 'अपघात' हा सरकारी शब्दही सांगा आणि लोकांचा शब्दही सांगा. दोन्हींतला खरा कोणता, हे त्याला विचारू द्या. शाहिराने डफावर थाप मारली होती, ती याच विचारण्यासाठी.